जुने संगणक, नवे जाळे

कंपन्या आणि महाविद्यालये काढून टाकतात ते सगळेच संगणक मोडलेले नसतात. अनेकदा ते नव्या सॉफ्टवेअरला पुरे पडत नाहीत, एवढेच. जामखेडसारख्या तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत स्वयंसेवकांना अशा संगणकांचे उत्तम जाळे उभारता येते. एक दमदार संगणक सर्व्हर म्हणून ठेवायचा आणि बाकीचे स्विचमार्फत केबलने त्याला जोडायचे. जुन्या यंत्रांना मग हार्ड डिस्कही लागत नाही. सुरू होताच ती सर्व्हरवरून लिनक्स घेतात. दुरुस्ती, मराठी कळफलक, नवे पाठ हे सारे एकाच जागी सांभाळता येते. इंटरनेट नसले तरी वर्ग अडत नाही, आणि खेड्यातील शाळेसाठी हाच सर्वांत मोठा लाभ. तांब्याची केबल मात्र 100 मीटरपेक्षा लांब नसावी.

शाळेतील संगणक-जाळ्याचा महाराष्ट्रातील एक लक्षणीय प्रयोग, मात्र नव्या यंत्रांचा, 2007 मध्ये रायगडच्या कर्जत तालुक्यातील खैराटच्या एकशिक्षकी शाळेत झाला. (जामखेडशेजारचे कर्जत वेगळे.) ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाचे एक्सओ लॅपटॉप तेथील मुलांना मिळाले, मधल्या यंत्राविनाही ते एकमेकांशी बिनतारी जोडले जात.

जाळे कोणतेही असो, खरी कसोटी ते उभारल्यानंतर लागते: खंडित वीज, सदोष अर्थिंग, धूळ आणि शिक्षकांच्या बदल्या. म्हणून देणगीदारांनी संगणकांबरोबर यूपीएसच्या बॅटरीचा आणि शिक्षक-प्रशिक्षणाचा खर्चही उचलावा.