मांजरीचा पिनकोड आणि वेबसाईटचं '४०४': लिंक उघडते तेव्हा सर्व्हर नेमकं काय करतो?

ग्रुपवर एक लिंक येते. तुम्ही टिचकी मारता आणि समोर येतं, '४०४, पान सापडलं नाही'. पाठवणारा मात्र ठासून सांगतो, "अरे, माझ्याकडे उघडतंय!" गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात.

भानगड राउटिंगची आहे. ती समजायला आधी जरा पोस्टात जाऊ.

पत्ता म्हणजे जागा नव्हे

१५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. ही कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. पुण्याजवळच्या मांजरीचा पिनकोड ४१२३०७. पहिला ४ म्हणजे पश्चिमेकडचा विभाग, पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन म्हणजे पोस्ट ऑफिस. मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं, पिनकोड मात्र शहराच्या ४११ चा झाला नाही. म्हणजे पत्ता हा फक्त खूण असतो. त्या खुणेवरून पत्र कुठे न्यायचं, हे पोस्टाचा तक्ता ठरवतो.

सर्व्हरवरही असाच तक्ता असतो. पूर्वी वेबसाईटचा पत्ता बहुतेकदा सर्व्हरवरच्या खऱ्या फाईलचा असायचा. २००९ मध्ये रायन डालने नोड.जेएस आणलं, जावास्क्रिप्ट सर्व्हरवर जोमाने चालू लागली आणि एक्सप्रेससारख्या फ्रेमवर्कमुळे तक्ता लिहिणं सोपं झालं: '/मांजरी/बुद्रुक' ही मागणी आली की अमुक फंक्शन चालव.

इथे क्रम महत्त्वाचा. '/मांजरी/कोणतंही-गाव' हा नियम आधी लिहिला आणि '/मांजरी/खुर्द' नंतर, तर खुर्दची मागणीही पहिलाच नियम उचलतो. खालच्या नियमापर्यंत ती पोहोचतच नाही. बुद्रुकचं टपाल खुर्दला जावं, तसाच हा प्रकार.

मग ४०४ का आलं?

आजची बरीच वेब ॲप्स पहिल्यांदा एकच पान पाठवतात. पुढे मेनूवर टिचकी मारली की ब्राउझरमधली जावास्क्रिप्टच पान बदलते आणि वरच्या पट्टीतला पत्ताही बदलते. सर्व्हरला या बदलाची खबरच नसते. तोच पत्ता तुम्ही थेट उघडला, की मागणी सर्व्हरकडे जाते. त्याच्या तक्त्यात ती नोंद नाही, तो ४०४ म्हणतो. पाठवणाऱ्याने पान रिफ्रेश केलं असतं तर त्यालाही तेच दिसलं असतं!

सोपा उपाय म्हणजे अनोळखी पत्त्यालाही तेच मूळ पान पाठवणं. पण मग व्हॉट्सॲपवर प्रत्येक लिंकखाली तोच फोटो, तेच शीर्षक दिसू शकतं. कारण प्रिव्ह्यू तयार करणारा प्रोग्राम सहसा जावास्क्रिप्ट चालवत बसत नाही, सर्व्हरने दिलेलं एचटीएमएल वाचून निघून जातो. म्हणूनच बातम्यांच्या साईट पान सर्व्हरवरच तयार करून देणं पसंत करतात.

इम्पोर्टचा घोळ

सगळा कोड एका फाईलमध्ये कुणी लिहीत नाही. राउट वेगळ्या फाईलमध्ये, डेटाबेस वेगळ्या. एका फाईलने दुसरीतलं काम मागवणं म्हणजे इम्पोर्ट. नोडमध्ये आधी 'रिक्वायर' होतं. २०१५ मध्ये भाषेतच 'इम्पोर्ट' आलं. आज दोन्ही चालतात आणि नवशिक्यांची डोकेदुखीही दुप्पट होते.

सर्वांत चिवट चूक मात्र अगदी बारीक असते. फाईलच्या इंग्रजी नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल, इम्पोर्टमध्ये स्मॉल. विंडोज आणि मॅक सहसा हा फरक मनावर घेत नाहीत, लिनक्स घेतो. सर्व्हर बहुधा लिनक्सचाच, त्यामुळे लॅपटॉपवर धावणारं ॲप तिथे उभंच राहत नाही.

खरी जोखीम आहे दुसऱ्यांचा कोड इम्पोर्ट करण्यात. २२ मार्च २०१६ रोजी अझेर कोचुलू या प्रोग्रामरने नावावरून झालेल्या वादानंतर आपली पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' होतं, जेमतेम ११ ओळींचं. काम काय, तर मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणं. त्या ११ ओळींअभावी जगभरातल्या प्रकल्पांचं काम अडलं आणि एनपीएमला ते पॅकेज परत आणावं लागलं. आता प्रकाशित होऊन ७२ तास उलटले की पॅकेज मागे घ्यायला कडक अटी आहेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये उलटं घडलं. पॅकेज गायब झालं नाही, त्यात विष मिसळलं गेलं. 'चॉक', 'डीबग' अशा लोकप्रिय पॅकेजच्या देखभालकर्त्याला एनपीएमच्या नावाने बनावट ईमेल आला, त्याचं खातं हल्लेखोरांच्या हाती गेलं. नव्या आवृत्त्यांमधला कोड क्रिप्टो व्यवहारात पैसे घेणाऱ्याचा पत्ता गुपचूप बदलत होता. काही तासांत त्या आवृत्त्या हटवल्या गेल्या. ज्यांनी लॉक फाईलमध्ये जुनी आवृत्ती पक्की करून तीच वापरली होती, त्यांच्या ॲपमध्ये हा कोड शिरलाच नाही.