तक्त्यावर तिसरे

स्टॉकहोममध्ये १९६९ च्या मार्चमध्ये झालेल्या आइस हॉकी विश्वविजेतेपद स्पर्धेचा अंतिम गुणतक्ता पाहिला की आधी गोंधळायला होते. सहा संघ, प्रत्येकाची दुसऱ्याशी दोनदा गाठ, म्हणजे प्रत्येकी दहा सामने. वरच्या तिन्ही संघांनी आठ सामने जिंकले, दोन हरले आणि १६ गुण मिळवले. सोव्हिएत संघाने स्वीडनला दोन्ही वेळा हरवले. स्वीडनने चेकोस्लोव्हाकियाला दोन्ही वेळा हरवले. आणि चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत संघाला दोन्ही वेळा हरवले! अखेर गोलफरक मोजावा लागला. त्यात सोव्हिएत पहिले, स्वीडन दुसरे आणि चेकोस्लोव्हाकिया तिसरे ठरले.

पण प्राग किंवा ब्रातिस्लाव्हातल्या कोणा जुन्या माणसाला त्या वर्षाबद्दल विचारले, तर तो या कांस्यपदकाबद्दल क्वचितच बोलेल. तो दोन आकडे सांगेल: २–०, आणि एका आठवड्याने ४–३.

हे दोन आकडे समजून घ्यायचे तर सात महिने मागे जावे लागते. २० ऑगस्ट १९६८ च्या रात्री सोव्हिएत नेतृत्वाखालच्या वॉर्सा करारातल्या देशांच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या. कम्युनिस्ट पक्षाचे पहिले सचिव अलेक्झांडर दुब्चेक यांनी त्या वसंतात सेन्सॉरशिप सैल केली होती आणि समाजवादाला माणुसकीचा चेहरा देण्याची भाषा सुरू केली होती. मॉस्कोला ते सहन झाले नाही. सकाळी लोक उठले तेव्हा प्रागच्या रस्त्यांवर टँक उभे होते. वर्ष संपेपर्यंत शंभराहून अधिक नागरिकांचा जीव गेला. जेमतेम दीड कोटी लोकवस्तीच्या त्या देशाने लष्करी प्रतिकार केला नाही. करून उपयोगही नव्हता. जानेवारी १९६९ मध्ये यान पालाख या विद्यार्थ्याने प्रागच्या वेन्सेस्लास चौकात स्वतःला पेटवून घेतले. त्याच्या अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी सोडली, तर लोकांना आपला राग उघडपणे दाखवायला जागाच उरली नव्हती.

ही जागतिक स्पर्धा मुळात प्रागमध्येच व्हायची होती. फौजा आल्यावर यजमानपद सोडावे लागले आणि स्पर्धा स्टॉकहोमला गेली. म्हणजे ज्या बर्फावर चेकोस्लोव्हाक खेळाडू आपल्या माणसांसमोर खेळणार होते, ते बर्फही त्यांच्या वाट्याला आले नाही.

मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर हॉकी म्हटले की हिरवे मैदान आणि ध्यानचंद येतात, म्हणून या खेळाबद्दल थोडे सांगायला हवे. आइस हॉकीचे मैदान साधारण ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असते आणि त्याला चारी बाजूंनी कठडा असतो. एका वेळी प्रत्येक संघाचे सहा जण बर्फावर असतात, त्यांतला एक गोलरक्षक. चेंडूच्या जागी कडक रबराची चपटी चकती असते, तिला पक म्हणतात. वजन १७० ग्रॅमच्या आसपास, पण वेग असा की अंगावर बसली तर हाड मोडते. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग खेळले जातात. खेळ थांबलेला नसतानाच खेळाडू बदलत राहतात, कारण त्या वेगाने कोणीही मिनिटभरापेक्षा फार वेळ टिकू शकत नाही. धक्काबुक्की नियमात बसते. त्यामुळे ज्याच्या मनात राग आहे त्याला तो इथे लपवता येत नाही.

आणि समोर कोण होते? १९६३ पासून सोव्हिएत संघ दर वर्षी जगज्जेता ठरत होता, आणि ही मालिका १९७१ पर्यंत सलग नऊ वर्षे चालली. अनातोली तारासोव आणि अर्कादी चेर्निशेव या प्रशिक्षकांनी हा संघ एखाद्या यंत्रासारखा घडवला होता. त्यात फिर्सोव, रागुलिन, स्टार्शिनोव यांच्यासारखे अनुभवी खेळाडू होते. शिवाय व्हालेरी खार्लामोव नावाचा एक तरुण आपली पहिलीच जागतिक स्पर्धा खेळत होता. पुढे त्याची गणना या खेळातल्या सर्वकाळच्या थोरांत झाली.

पण हे यंत्र कुठून शिकले, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर रशियात ही ‘कॅनेडियन’ हॉकी अगदी नवी होती. तिथे बर्फावर चेंडूने खेळायचा दुसराच खेळ रुजलेला होता. १९४८ मध्ये एलटीसी प्राग हा त्या काळचा बलाढ्य चेक क्लब मॉस्कोला गेला, तिथल्या निवडक खेळाडूंशी खेळला, आणि सोव्हिएत मंडळींनी त्यांचे डावपेच बारकाईने पाहिले. सहाच वर्षांनी, १९५४ मध्ये, सोव्हिएत संघ पहिल्यांदा जागतिक स्पर्धेत उतरला आणि थेट जगज्जेता झाला. तीही स्पर्धा स्टॉकहोममध्येच होती.

मधल्या काळात ज्यांनी शिकवले त्यांचे काय झाले? चेकोस्लोव्हाकियाने १९४७ आणि १९४९ मध्ये जागतिक विजेतेपद मिळवले होते. १९५० च्या मार्चमध्ये लंडनच्या स्पर्धेला निघालेल्या संघाला त्यांच्याच सरकारने जाऊ दिले नाही. खेळाडूंना अटक झाली, देशद्रोहाचे खटले भरले गेले. गोलरक्षक बोहुमिल मॉद्री यांना १५ वर्षांची, गुस्ताव बुबनिक यांना १४ वर्षांची शिक्षा झाली. त्यांतल्या अनेकांना युरेनियमच्या खाणींवरच्या छावण्यांत राबावे लागले. मॉद्री १९५५ मध्ये सुटले, पण तब्येत खालावली होती; १९६३ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे ४६ होते. स्टॉकहोमला गेलेल्या १९६९ च्या संघाला हा सारा इतिहास माहीत होता. बर्फावर हद्दीबाहेर वागल्याची किंमत काय असू शकते, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

शुक्रवार, २१ मार्च. पहिला सामना.

त्या काळच्या चेकोस्लोव्हाक राजचिन्हात बोहेमियाच्या सिंहाच्या डोक्यावर मुकुटाऐवजी लाल तारा होता, आणि ते चिन्ह खेळाडूंच्या जर्सीवर छातीशी होते. काही खेळाडूंनी त्या ताऱ्यावर चिकटपट्टी लावून तो झाकला. एवढीशी पट्टी, पण दूरचित्रवाणीवर सामना पाहणाऱ्या घराघरांतल्या माणसांना तिचा अर्थ लगेच कळला. सामना संपल्यावर प्रतिस्पर्ध्यांशी हस्तांदोलन करायचे नाही हेही ठरले होते.

पहिला गोल यान सुखीने केला. सुखी हा बचावपटू. समोरून येणारा पक अंगावर झेलण्यासाठी तो बर्फावर सरळ आडवा पडायचा, त्यामुळे संघात दोन गोलरक्षक आहेत असे लोक म्हणायचे. खरा गोलरक्षक व्लादिमीर झुरिला, ब्रातिस्लाव्हाचा, अंगाने भरभक्कम माणूस. खेळाबाहेर तो फ्रिज दुरुस्तीचे काम करायचा. त्याने त्या दिवशी जगज्जेत्यांना एकही गोल करू दिला नाही. दुसरा गोल योसेफ चेर्नीने केला. २–०. कर्णधार योझेफ गोलोन्का इतका पेटला होता की त्याने हातातली काठी बंदुकीसारखी धरून सोव्हिएत बाकाकडे रोखली. हे दृश्य चेक आणि स्लोव्हाक लोकांच्या स्मरणात कायमचे राहिले.

या संघात चेक होते तसेच स्लोव्हाकही होते, हे विसरू नये. गोलोन्का, झुरिला आणि जबरदस्त फटका मारणारा वाक्लाव नेदोमान्स्की हे तिघेही स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा क्लबचे. सुखी आणि यारोस्लाव व यिर्झी होलिक हे भाऊ दुक्ला यिह्लावाचे. तो लष्कराचा क्लब. तारासोव यांचा सीएसकेए हाही लाल सेनेचाच क्लब. म्हणजे कागदावर एका आघाडीत असलेल्या दोन सेनांची माणसे बर्फावर एकमेकांच्या अंगावर जात होती.

एका आठवड्याने, २८ मार्चला, पुन्हा गाठ पडली. या वेळी सोव्हिएत संघ तयारीत होता. खेळ वर-खाली होत राहिला, आणि शेवटी ४–३. पुन्हा चेकोस्लोव्हाकिया!

शेवटची शिट्टी झाली तेव्हा मायदेशी रात्र झाली होती. लोक घरांतून बाहेर पडले. आधी शेकडो, मग हजारो. एकट्या प्रागच्या वेन्सेस्लास चौकात दीड लाखाच्या आसपास माणसे जमल्याचे अंदाज आहेत. देशभरात मिळून पाच लाख लोक रस्त्यावर आल्याचे सांगितले जाते. भिंतींवर, गाड्यांवर ४–३ लिहिले गेले. त्या दिवसांत एक घोषणा सगळ्यांच्या तोंडी होती: तुम्ही आम्हाला टँक दिले, आम्ही तुम्हाला गोल दिले. चेक भाषेत टँकना ‘तांकी’ आणि गोलांना ‘ब्रांकी’ म्हणतात, त्यामुळे ती ओळ आपोआप यमकात बसते. पालाखच्या मृत्यूनंतरचा सारा कोंडमारा त्या रात्री हसत, गात, ओरडत बाहेर पडत होता. अशा आनंदाला गंभीर राजकीय कृती न मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे की त्या देशात तेव्हा मोकळेपणाने ओरडायला दुसरे कोणतेही निमित्त उरले नव्हते.

मग वेन्सेस्लास चौकातल्या एरोफ्लोट या सोव्हिएत विमान कंपनीच्या कार्यालयावर दगड पडू लागले. काचा फुटल्या, सामान बाहेर ओढून पेटवण्यात आले. ते दगड कुठून आले? कार्यालयासमोरच फरसबंदीच्या दगडांचा ढीग रचलेला होता, नेमका त्याच दिवशी. हे दगड गुप्त पोलिसांनीच आणून ठेवले, असा संशय लोकांनी तेव्हाच घेतला आणि पुढे अनेक इतिहासकारांनीही तो उचलून धरला. इतर काही गावांत सोव्हिएत सैन्याच्या इमारतींवर हल्ले झाले. मॉस्कोला हवे होते ते कारण मिळाले.

पुढचे सगळे झपाट्याने घडले. सोव्हिएत संरक्षणमंत्री मार्शल ग्रेच्को मार्चच्या अखेरीस प्रागमध्ये दाखल झाले. देशातला बंदोबस्त जमत नसेल तर आमची फौज बघून घेईल, असा इशारा मिळाला. वृत्तपत्रांवर पुन्हा सेन्सॉर बसला. १७ एप्रिलला दुब्चेक पक्षाच्या पहिल्या सचिवपदावरून गेले आणि त्यांच्या जागी गुस्ताव हुसाक आले. त्यांच्या काळाला सरकारी भाषेत ‘सामान्यीकरण’ म्हणत. त्यात लाखो लोकांना पक्षातून काढले गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, आणि हे वीस वर्षे चालले.

मग त्या विजयाने देशाचे नुकसान केले का? काही जण तसे म्हणतात. पण दुब्चेक यांचे दिवस भरत आले होते हे ऑगस्टपासूनच दिसत होते. हॉकी नसती तर दुसरे निमित्त शोधले गेले असते. ढीग रचायला दगड कुठेही मिळतात. त्याचे खापर सुखी किंवा गोलोन्काच्या डोक्यावर फोडणे अन्यायाचे आहे. तसाच अन्याय खार्लामोवसारख्या एकवीस वर्षांच्या पोराला टँकवाल्यांच्या रांगेत बसवण्यात होईल. ज्या निर्णयाचा राग त्यांच्यावर निघत होता, त्या निर्णयात त्यांचा काडीचाही वाटा नव्हता.

स्पर्धा अजून संपली नव्हती. ३० मार्चला, दोनच दिवसांनी, चेकोस्लोव्हाकियाची शेवटची लढत यजमान स्वीडनशी होती. ती जिंकली असती तर सुवर्णपदक त्यांचे होते. पण संघ पार थकला होता. स्वीडनने १–० ने जिंकले आणि सुवर्ण पुन्हा मॉस्कोला गेले. सोव्हिएत संघाविरुद्धच्या दोन सामन्यांत जी ताकद खर्ची पडली, ती या लढतीसाठी उरली नव्हती असेच म्हणावे लागेल.

या संघातले लोक पुढे पांगले. यारोस्लाव यिर्झिक १९७० मध्ये सेंट लुइस ब्लूजकडून काही सामने खेळला आणि पूर्व युरोपातून उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये खेळणारा पहिला खेळाडू ठरला. नेदोमान्स्की १९७४ मध्ये बायको-मुलासह सुट्टीला म्हणून स्वित्झर्लंडला गेला आणि तिथून कॅनडा गाठले. मायदेशी त्याला गद्दार ठरवले गेले. २०१९ मध्ये टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. १९७२ मध्ये, स्पर्धा अखेर प्रागमध्ये भरली तेव्हा, चेकोस्लोव्हाकियाने सोव्हिएत संघाला ३–२ ने हरवून त्यांची नऊ वर्षांची सद्दी मोडली आणि विश्वविजेतेपद परत मिळवले.

त्याच १९७२ च्या फेब्रुवारीत प्रागजवळच्या क्लाद्नो गावी यारोमिर यागर जन्मला. त्याचे आजोबा, नावही यारोमिरच, शेतकरी होते. त्यांची जमीन राजवटीने घेतली, त्यांना तुरुंगात टाकले, आणि १९६८ मध्ये ते गेले. नातू अमेरिकेत व्यावसायिक खेळाडू झाला तेव्हा त्याने पाठीवर ६८ हा क्रमांक घेतला. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यातही तोच क्रमांक त्याच्या पाठीवर होता. चेक संघासमोर त्या दिवशी रशिया होता. गोल एकच झाला, पेत्र स्वोबोदाचा. गोलरक्षक डॉमिनिक हाशेकने रशियाला काहीच मिळू दिले नाही. प्रागमध्ये लोक पुन्हा एकदा घराबाहेर पडले. या खेपेस चौकात दगडांचा ढीग नव्हता.