हाणामारीच्या खेळाला गोष्ट कशाला हवी?

नवे नाटक लागले, चित्रपट आला किंवा एखादी कादंबरी गाजू लागली की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘गोष्ट काय आहे?’ गोष्ट चांगली असेल तर बाकीचे दोष आपण पदरात घेतो. गोष्टच नसेल तर बाकीचा थाट कितीही असो, ‘त्यात काही नाही हो!’ म्हणून मोकळे होतो. मुले तासन् तास खेळतात त्या व्हिडिओ गेमनाही आता घरोघरी हाच प्रश्न विचारला जातो, आणि त्यावर मुलांचे उत्तरही ठरलेले असते: ‘गोष्ट नसते त्यात, ॲक्शन असते.’ एवढ्यावर संवाद संपतो. आईवडिलांना वाटते, म्हणजे निव्वळ मारामारी. मुलांना वाटते, ह्यांना काय कळणार!

कथानक हा माझा रोजचा व्यवसाय. वर्गात मी कथानकाची चिरफाड करते, परीक्षेत त्यावर दहा गुणांचा प्रश्न घालते. तेव्हा हा वाद एकदा नीट तपासून पाहावा असे वाटले. कोड्यांचे, शर्यतींचे, शेती करण्याचे खेळ मी येथे बाजूला ठेवते. ज्यांत सारा भर डोळ्याच्या चपळाईवर आणि बोटांच्या वेगावर असतो, त्या खेळांपुरते मी बोलणार आहे. त्यांना ‘हातघाईचे खेळ’ म्हणावे. असा खेळ चांगला की वाईट हे ठरवताना त्यातल्या गोष्टीला किती गुण द्यायचे?

आधी थोडा इतिहास. जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो ह्यांनी 1978 साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ नावाचा खेळ रचला. त्यातली गोष्ट म्हणावी तर एवढीच: वरून परग्रहावरचे शत्रू रांगेने खाली सरकत येत आहेत, त्यांना खालून टिपा. पण मौज अशी, की पडद्यावरचे शत्रू कमी होत जातील तसतसे उरलेले अधिक वेगाने धावू लागत. हे मुळात कुणी योजलेले नव्हते. थोडी चित्रे हलवायची असली की त्या काळचे यंत्र ती भराभर हलवी, म्हणून तसे होई. निशिकादोंनी ते तसेच राहू दिले. आम्ही ज्याला उत्कर्षबिंदू म्हणतो तो इथे कुणा लेखकावाचून सिद्ध झाला. शेवटचा एकटा शत्रू जिवाच्या आकांताने धावतो आहे आणि खेळणाराचा श्वास अडकला आहे, ह्याहून अधिक नाट्य कोणते?

पुढे 1981 साली शिगेरू मियामोतो ह्यांनी ‘डाँकी काँग’ केला. एका महाकाय वानराने एका सुताराची प्रेयसी पळवून उंच लोखंडी सांगाड्यावर नेली आहे आणि सुताराला वर चढायचे आहे. तोच सुतार पुढे मारिओ ह्या नावाने जगप्रसिद्ध झाला. गोष्ट एका वाक्याची. पण ते वाक्य हाताला दिशा देते. कुठे जायचे? वर. का जायचे? ती वर आहे म्हणून. चार वर्षांनी आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये आठ जगे आहेत. पहिल्या सात जगांतले किल्ले जिंकल्यावर प्रत्येक वेळी कळते की राजकन्या इथे नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे. कादंबरीत लेखकाने सात वेळा हाच डाव केला असता तर वाचकाने पुस्तक भिरकावून दिले असते. खेळणारा मात्र हसतो आणि आठव्या किल्ल्याकडे धावतो. कारण राजकन्या हे निमित्त असून उडी मारण्यातला आनंद हे खरे कारण आहे, हे त्याला पुरते ठाऊक असते.

अमेरिकेत 1993 साली निघालेल्या ‘डूम’च्या वेळी हा प्रश्न खुद्द कर्त्यांमध्येच उपस्थित झाला. टॉम हॉल ह्यांनी त्या खेळासाठी पात्रे, स्थळे आणि प्रसंग ह्यांचा मोठा आराखडा लिहून काढला होता. त्यातला बराचसा भाग पुढे वगळला गेला, आणि हॉल खेळ पुरा होण्याआधीच संस्थेतून बाहेर पडले. त्यांचे सहकारी जॉन कार्मॅक ह्यांचे मत होते की अशा खेळात गोष्ट असावी अशी अपेक्षा असते, पण तिला फारसे महत्त्व नसते. त्यासाठी त्यांनी एका विशिष्ट प्रकारच्या चित्रपटांचा जो दृष्टान्त दिला तो कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या अंकात देता येण्यासारखा नाही. ह्याच खेळाची नवी आवृत्ती 2016 साली आली. तिच्या आरंभी एक आवाज नायकाला परिस्थिती समजावून सांगू लागतो, तर नायक समोरचा पडदा धरून खाडकन बाजूला ढकलतो. गोष्टीची अशी थट्टा करणारा हा खेळ हातघाईचा एक उत्तम नमुना मानला जातो.

मराठी माणसाला ह्याचे नवल वाटायचे कारण नाही. बालगंधर्वांच्या पदांना ‘वन्समोअर’ मिळत आणि तेवढा वेळ कथानक विंगेत हात बांधून उभे राही. प्रेक्षक गाण्यासाठी आलेला असे, आणि गाणे जमले की तो तृप्त होऊन घरी जाई. मग कबड्डीच्या सामन्याला कोणती गोष्ट असते? तरी शेवटच्या चढाईला मैदानावर चिटपाखरू बोलत नाही. तेव्हा पहिला निर्णय असा देता येईल: हातघाईच्या खेळात गोष्ट नसणे हा दोष नव्हे. ज्याने गोष्ट सांगण्याचा पत्करच घेतला नाही त्याला गोष्टीच्या नावाने नापास करणे म्हणजे गवयाला चित्रकलेच्या परीक्षेला बसवण्यासारखे आहे.

पण प्रश्न इथे संपत नाही. खेळाने एकदा गोष्ट सांगायला घेतली की तिची जबाबदारी त्याच्यावर येते.

‘अनचार्टेड’ ही 2007 साली सुरू झालेली खेळांची मालिका पाहा. तिचा नायक नेथन ड्रेक हा खजिन्यांच्या शोधात हिंडणारा उमदा, विनोदी, मित्रांसाठी जीव टाकणारा तरुण. कथेत तो असा. आणि खेळणाराच्या हाती आला की तोच शेकडो माणसांना गोळ्या घालत पुढे जातो. मग पुन्हा कथा सुरू होते आणि तो काहीच न घडल्यासारखा विनोद करू लागतो! त्याच वर्षी क्लिंट हॉकिंग ह्या खेळरचनाकाराने ‘बायोशॉक’ ह्या दुसऱ्या एका खेळावर टीका करताना ह्या दोषाला नाव दिले. मराठीत त्याला ‘खेळ आणि कथा ह्यांतला विसंवाद’ म्हणता येईल. हॉकिंगचा आक्षेप असा, की ह्या खेळातली कृती आपल्याला स्वार्थाकडे नेते आणि कथा मात्र दुसऱ्याच्या मदतीला जायला लावते. हे नाव इतके रूढ झाले की 2016 साली ‘अनचार्टेड’च्या चौथ्या भागात एक हजार शत्रू मारणाराला मिळणाऱ्या बक्षिसाला कर्त्यांनी हेच नाव देऊन टाकले. आपल्याच दोषाची अशी थट्टा करणे दिलदारपणाचे खरे. पण थट्टेने दोष जात नाही.

येथे नाटक आणि खेळ ह्यांतला मोठा फरक ध्यानात घ्यावा लागतो. भरतमुनींनी इतिवृत्ताला, म्हणजे कथानकाला, नाट्याचे शरीर म्हटले आहे. रंगभूमीवर कृती नट करतो आणि आपण अंधारात बसून पाहतो. खेळात ती कृती आपलाच हात करतो. त्यामुळे खेळातली गोष्ट कोण काय बोलले ह्यात थोडी, आणि आपण काय केले ह्यात अधिक असते. बोलणे एक आणि करणे दुसरे असे झाले, तर खेळणारा करण्यावर विश्वास ठेवतो. माणसांच्या बाबतीतही आपण दुसरे काय करतो?

ह्याची प्रचीती मला ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ ह्या खेळाने दिली. जपानच्या फुमितो उएदा ह्यांनी तो 2005 साली केला. गोष्ट चार ओळींची. एक तरुण एका मृत मुलीला घोड्यावर घालून निषिद्ध प्रदेशात येतो. तिथला एक अज्ञात आवाज त्याला सांगतो, इथल्या सोळा महाकाय प्राण्यांना मारलेस तर ती परत येऊ शकेल, पण त्याची किंमत जबर असेल. बस्स. वाटेत दुसरा शत्रू नाही, गाव नाही, बाजार नाही. मोकळे माळ, घोड्याच्या टापा आणि ते सोळा प्राणी.

माझ्या मुलाने आग्रहाने खेळाचे यंत्र माझ्या हाती दिले. डोंगराएवढ्या त्या प्राण्याच्या अंगावरचे केस धरून चढायचे, बोटाने बटण दाबून धरायचे; तो अंग झटकतो आणि पकड सुटत जाते. बोटे खरोखरच दुखू लागतात. कशीबशी मी माथ्यावर पोचले. खाली ते अजस्र धूड चाचपडत होते.

‘आई, तलवार खुपस ना!’ मुलगा ओरडला.

‘अरे, पण ह्याने आपले काय वाईट केले आहे?’

तो हसला. ‘गोष्ट काय आहे म्हणून विचारत होतीस ना? हीच.’

मी तलवार खुपसली. प्राणी कोसळला तेव्हा विजयाचा डंका वाजला नाही. उदास सूर वाजले. त्याच्या देहातून काळे धागे निघून नायकाच्या अंगात शिरले. दर वधागणिक नायक अधिक म्लान होत जातो. तेरावा प्राणी तर आपल्यावर चाल करून येतही नाही; तो आभाळात संथ उडत असतो आणि आपणच त्याचा पाठलाग करतो. प्रेमासाठी माणूस कुठवर जाईल, हा प्रश्न इथे कुणी तोंडाने विचारत नाही. आपल्या दुखऱ्या बोटांना तो विचारलेला असतो. ह्या खेळातली मारामारी काढून टाकली तर गोष्ट उरत नाही, आणि गोष्ट काढली तर मारामारी पोकळ होते. चार ओळींच्या कथेला मी ह्याहून अधिक गुण क्वचितच दिले असतील.

दुसरे उदाहरण 2020 सालच्या ‘हेडीस’चे. ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या राजाचा मुलगा तिथून निसटू पाहतो. दर वेळी तो वाटेत मरतो आणि पुन्हा बापाच्याच वाड्यात येतो. हरल्यावर पहिल्यापासून सुरुवात करणे ही हातघाईच्या खेळांतली जुनी खोड. इथे तीच गोष्टीचा कणा झाली. प्रत्येक मरणानंतर वाड्यातली माणसे त्याच्याशी काही नवे बोलतात, जुनी गुपिते उलगडतात. हरणे इथे वाया जात नाही. विज्ञानकथा व अद्भुतकथा ह्यांसाठीचे ह्यूगो पारितोषिक 2021 साली खास विभाग करून ह्या खेळाला देण्यात आले.

आपल्याकडेही हा विचार पोचला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळींनी 2020 साली ‘राजी’ हा खेळ काढला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली राजी ही सर्कशीत कसरती करणारी पोर आहे. म्हणूनच ती खांबाला गिरकी घेऊन, भिंतीवरून धावत जाऊन लढते. तिच्या लढण्यात तिचे पूर्वायुष्य दिसते. गोष्टीचे काही प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितले आहेत, तेही देखणे. शेवट मला घाईत उरकल्यासारखा वाटला. पण कोण लढते आहे आणि ती अशीच का लढते, ह्याचे उत्तर त्या खेळाजवळ आहे.

तेव्हा असे खेळ पारखताना मी गुण कसे देते ते सांगते. पहिला प्रश्न हाताचा: ती धाव, ती उडी, तो वार ह्यांत कौशल्य आणि आनंद आहे का? नसेल तर व्यासांची कथा आणली तरी खेळ तरत नाही. दुसरा प्रश्न: खेळ गोष्ट सांगू पाहतो आहे का? नसेल तर त्या सदराखाली गुण कापू नयेत. सांगत असेल तर तिसरा प्रश्न: माझ्या हातून जे घडते त्याची दखल ती गोष्ट घेते का? हजार माणसे मारून नायकाच्या चेहऱ्यावर सुरकुती पडत नसेल, तर संवाद कितीही भारी असोत, ती गोष्ट खोटी आहे.

आईवडिलांनाही हा तिसरा प्रश्नच उपयोगी पडेल असे मला वाटते. वेष्टनावरचा कथासारांश वाचून खेळ कळत नाही. उदात्त सारांशाखाली बेपर्वा कत्तल असू शकते आणि एका ओळीच्या कथेखाली खरी करुणा. म्हणून मुलाला ‘गोष्ट काय आहे?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘तू ह्यात काय करतोस, आणि ते केल्यावर पुढे काय होते?’ असे विचारावे, आणि जमल्यास अर्धा तास त्याच्या शेजारी बसून ते यंत्र स्वतःच्या हातात घ्यावे. बोटे दुखतील, पण त्याशिवाय ही परीक्षा घेता येत नाही.