घड्याळ चालतं की पळतं?

बालमित्रांनो, 'रन' या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय? "पळणे!" असं तुम्ही एका सुरात सांगाल. माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलालाही तेवढंच ठाऊक होतं. एकदा मी फळ्यावर वाक्य लिहिलं, 'माय नोज इज रनिंग.' त्यानं उभं राहून खणखणीत आवाजात अर्थ सांगितला, "माझे नाक पळत आहे!"

झालं! सगळा वर्ग खो खो हसला. खरं सांगते, मलाही हसू आवरलं नाही. पण पुढे आठवडाभर इंग्रजीच्या तासाला त्या मुलाचा हात काही वर आला नाही. तेव्हा मी विचार केला, त्याचं चुकलं तरी काय? शब्दाचा एकच अर्थ मी पाठ करून घेतला होता. तोच त्यानं इमानानं वापरला. चूक माझी होती.

मग सोमवारी मी फळ्याच्या मधोमध 'रन' लिहिला आणि म्हटलं, "आज याची गंमत पाहू."

'द टॅप इज रनिंग' म्हणजे नळ वाहतोय. सर्दी झाली की नाकही तसंच वाहतं, पळत नाही! 'शी रन्स अ शॉप' म्हणजे ती दुकान चालवते. 'द कलर रॅन' म्हणजे धुताना कपड्याचा रंग गेला. 'वी हॅव रन आउट ऑफ शुगर' म्हणजे घरातली साखर संपली. 'आय रॅन इनटू अ फ्रेंड' म्हणजे मित्र अचानक भेटला. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, इंग्लंडमधला मात्र 'स्टँड' करतो, म्हणजे आपल्यासारखाच उभा राहतो! आणि क्रिकेटमधली 'रन' तर तुम्हाला माहीतच आहे.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात 'रन' या क्रियापदाचे किती अर्थ नोंदवलेत, सांगा पाहू? तब्बल ६४५! ती नोंद नव्यानं तयार करायला पीटर गिलिव्हर या संपादकांना सुमारे नऊ महिने लागले. एका शब्दासाठी नऊ महिने! मग आपण एखाद्या अर्थाला अडखळलो, तर त्यात लाज कसली?

आणि बरं का, आपली मराठीही काही कमी नाही. 'लागणे' हाच शब्द घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, निकाल लागतो, दादाला नोकरी लागते, आंब्याला पाड लागतो. आता हे सारं एखाद्या परदेशी पाहुण्याला एका शब्दात समजावून सांगा बरं! तोही आपल्यासारखाच गोंधळेल.

एवढं बोलून मी थांबले, तर मागच्या बाकावरून एक हात वर आला. तोच मुलगा! म्हणाला, "बाई, आपलं घड्याळ चालतं, दुकान चालतं, यंत्र चालतं. इंग्रजीत मात्र सगळं पळतंच!"

वर्ग पुन्हा हसला. पण या वेळी सगळे त्याच्यासोबत हसत होते. जे मला शब्दकोश उघडल्यावर सुचलं नव्हतं, ते त्यानं बसल्या जागी ओळखलं होतं.

म्हणून मुलांनो, शब्दार्थांची नुसती यादी घोकू नका. शब्द नेहमी वाक्यासकट लिहून ठेवा. माणूस जसा त्याच्या सोबत्यांवरून कळतो, तसा शब्द शेजारच्या शब्दांवरून कळतो. आणि पालकहो, मुलाचा अर्थ चुकला तर लगेच हसू नका. "तुला असं का वाटलं?" एवढंच विचारा. उत्तर ऐकण्यासारखं असतं.

आता या रविवारचा उद्योग. 'टेक' हा शब्द घ्या. 'टेक अ बस', 'टेक अ फोटो', 'टेक मेडिसिन'. प्रत्येक ठिकाणी मराठीत वेगळं क्रियापद येतं का, ते पाहा. अशी दहा वाक्यं वहीत जमवा. वही भरली की आईबाबांची परीक्षा घ्या!