पोर शिकले, हे कोणी ठरवायचे?

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला यिरकाला हे योलंगू आदिवासींचे गाव आहे. तिथली पोरे शिकली, असे केव्हा म्हणायचे? सरकार हजेरी आणि इंग्रजी वाचन-लेखनाची परीक्षा पाहते. वडीलधारी म्हणतात, इंग्रजी हवीच. पण पोराला आपली भाषा, आपली नाती, आपली जमीनही कळली पाहिजे. गोडे व खारे पाणी एकत्र मिळते त्याला ते ‘गन्मा’ म्हणतात. शिक्षणही तसेच हवे.

२००८ साली प्रांतिक सरकारने शाळेचे पहिले चार तास इंग्रजीतच शिकवायचे, असा हुकूम काढला. यिरकालाने विरोध केला. पुढे २०२० च्या राष्ट्रीय करारावर सरकारांबरोबर आदिवासी संघटनांच्या आघाडीचीही सही झाली. २०३१ पर्यंत वीस ते चोवीस वयाचे ९६ टक्के तरुण बारावी किंवा तत्सम शिकलेले असावेत, आणि आदिवासी भाषाही बळकट व्हाव्यात, ही दोन्ही उद्दिष्टे त्यात आहेत.

ज्यांची पोरे, त्यांनाही माप ठरवू द्या, एवढेच त्यांचे मागणे!