सात हजार दोनशे श्वासांची रात्र

मिनिटाला 15 श्वास धरले तर चोवीस तासांचे 21,600 होतात. अजपाजपाच्या, म्हणजे श्वासाबरोबर आपोआप होणाऱ्या जपाच्या, हिशेबातही बरोबर हाच आकडा आहे, आणि ‘बघा, आपल्या पूर्वजांनी श्वाससुद्धा मोजले होते’ असं सांगणारे जागोजागी भेटतात. मला वाटतं गंमत उलटी आहे. जुन्या कालगणनेत सहा प्राणांचं एक पळ, साठ पळांची घटिका आणि साठ घटिकांचा दिवस. गुणाकार केला की 21,600. म्हणजे त्यांनी श्वासावरच घड्याळ बसवलं होतं. एक प्राण म्हणजे आजचे चार सेकंद, आणि निवांत बसलेल्या धडधाकट माणसाला एका श्वासाला साधारण तेवढेच लागतात.

त्यातला आठ तासांच्या झोपेचा वाटा 7,200. हे श्वास आपण घेत नाही, ते घेतले जातात. एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा, म्हणजे रात्रभरात 3,600 लिटर आणि दिवसरात्र मिळून 10,800. उन्हाळ्यात रायगड जिल्ह्यातल्या पेणच्या खारेपाटात पाण्याचा टँकर येतो, त्यातला मोठा दहा हजार लिटरचा असतो. तेवढी हवा रोज एकेका माणसाच्या छातीत जाऊन बाहेर पडते.

छातीत ती जिथे पोचते ते वायुकोश 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले. सहा प्रौढांच्या फुप्फुसांचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली घालून काढलेली सरासरी निघाली 48 कोटी. एकेक कोश मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा. ते एकापुढे एक मांडले तर रांग 96 किलोमीटरची होते. पेणहून वडखळ, नागोठणे करत रोह्याला जायचं तर चाळीसेक किलोमीटर. ही रांग रोह्याला जाऊन पेणला परत येईल आणि वर पंधराएक किलोमीटर उरेल. साऱ्या कोशांच्या भिंती उलगडून पसरल्या तर कमीत कमी साडेसातशे चौरस फूट जागा व्यापतील, आणि त्या भिंतीची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. रक्तातली लाल पेशी या भिंतीपाशी जेमतेम पाऊण सेकंद असते. ऑक्सिजन भरून घ्यायला तिला त्यातला तिसरा हिस्साच पुरतो, उरलेला वेळ ही शरीराने ठेवलेली शिल्लक. जुनाट आजार आधी ती शिल्लक खातो. माणसाला तेव्हा काहीच जाणवत नाही.

पेण-रोह्याच्या हवेत काय काय मिसळतं हे बघायला लांब जावं लागत नाही. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत साच्यातून निघालेली प्लॅस्टरची मूर्ती पॉलिश पेपरने घासायला घेतली की थोड्याच वेळात घासणाऱ्याच्या भुवया-पापण्या पांढऱ्या होतात. मग कॉम्प्रेसरवर रंगाचा फवारा. तोंडाला रुमाल बांधलेला असतो, पण रुमाल दिसणारी धूळ अडवतो. फुप्फुसाच्या तळाशी जाते ती डोळ्यांना दिसतच नाही. रोह्याला धाटावची एमआयडीसी आहे, मुख्यतः रासायनिक कारखान्यांची. पावसाआधी गावोगाव राब भाजतात: शेण, कवळ, पातेरा, गवत यांचे थर रचून दिलेली आग, आणि शिवारभर धूर. बिडी आहेच.

पण आकड्यांत या सगळ्यांवर मात करते ती घरातली चूल. पंधराव्या वर्षापासून रोज चार तास चुलीपुढे बसणारी बाई छप्पन्न वर्षांची होते तेव्हा तिचे धुरातले तास 60,000 झालेले असतात. त्या तासांत तिने आत ओढलेली हवा अडीच कोटी लिटरहून जास्त. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये हेच ठासून मांडलं की सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट विकार, हा काही फक्त विडी-सिगारेटवाल्यांचा आजार नाही. गावात त्याला कोणी सीओपीडी म्हणत नाही. ‘दमा आहे’, ‘धाप लागते’, एवढ्यावर भागतं. रात्री डासांसाठी दारं-खिडक्या लावून कॉइल पेटवली जाते, तो आणखी एक हिशेब. 2003 च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले. चूल विझते तेव्हा कॉइल पेटते.

1990 साली भारतात सीओपीडीचे 2 कोटी 81 लाख रुग्ण होते. 2016 साली 5 कोटी 53 लाख. साधारण दर चोविसावा माणूस. हेच प्रमाण 2011 च्या जनगणनेतल्या रायगडच्या 26,34,200 लोकसंख्येला लावलं तर जिल्ह्यात 1 लाख 10 हजार निघतात. हिशेब कच्चा आहे, पण आवाका कळायला पुरे.

आता रात्र. झोप लागली की सगळ्यांचाच श्वास उथळ होतो आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या दहाएक मिलिमीटरांनी उतरू शकतो. निरोगी माणसाचा दाब 95 असेल तर 85 होईल. कोविडच्या दिवसांत घरोघरी आलेल्या त्या बोटाच्या चिमट्यावर, म्हणजे ऑक्सिमीटरवर, 97 चे 96 दिसतील. सीओपीडीच्या एखाद्या रुग्णाचा दाब मात्र दिवसाढवळ्याच 60 असतो. दवाखान्यात त्याचा ऑक्सिमीटर 90 दाखवतो आणि ‘काठावर आहे, पण चालेल’ असं ठरून तो घरी येतो. रात्री त्याचाही दाब तेवढाच, दहाने, उतरतो. 60 चा 50 होतो. पण चिमट्यावर 90 चे 84 झालेले असतात. घसरण तीच, दहाची. एकाचा त्यात एक टक्का जातो, दुसऱ्याचे सहा. कारण हिमोग्लोबिनचा आलेख वरच्या भागात जवळजवळ सपाट असतो आणि 60 च्या खाली एकदम कोसळतो. दिवसा दवाखान्यात घेतलेल्या आकड्यावरून रात्रीचा अंदाज बांधता येत नाही तो म्हणूनच.

त्यातही सर्वांत वाईट वेळ स्वप्नांची. झोपेचा चौथा-पाचवा हिस्सा स्वप्नांच्या झोपेत जातो आणि त्यातला बराचसा पहाटेकडे येतो. या काळात हातापायांसारखे बरगड्यांमधले स्नायूही ढिले पडतात. श्वासाचा सगळा भार एकट्या श्वासपटलावर येतो. निरोगी माणसाचं श्वासपटल घुमटासारखं वर उचललेलं असतं आणि आकुंचन पावताना खाली ओढलं जातं. सीओपीडीत फुप्फुसात अडकून राहिलेल्या हवेने ते आधीच दाबून सपाट केलेलं असतं. खाली जायला जागाच नाही, मग ओढ कुठून येणार? कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात, आणि माणूस डोकं धरूनच उठतो. घरचे म्हणतात, पित्त झालं असेल.

रात्रभर नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर बोटाला लावला तर आठ तासांचे 28,800 सेकंद कागदावर येतात. निरोगी माणसाची रेघ सरळ जाते. या रुग्णाची रेघ पहाटेच्या सुमाराला खड्ड्यात उतरते, वर येते, पुन्हा उतरते. संशोधक ज्याला रात्रीची ठळक घसरण मानतात, तिची एक व्याख्या अशी: रात्रीचा 30 टक्के वेळ रेघ नव्वदच्या खाली. आठ तासांत ते होतात 2 तास 24 मिनिटं.

काहींना याच्या जोडीला घोरण्याचा आजार असतो, स्लीप एपनिया. घशाची नळी मिटते आणि श्वास निदान दहा सेकंद थांबतो. तासाला असे 30 खंड झाले की आजार तीव्र. आठ तासांत 240, म्हणजे कमीत कमी चाळीस मिनिटं श्वासाविना, आणि वर्षाचे खंड 87,600. एडिंबराच्या डेव्हिड फ्लेन्ली यांनी 1985 साली या जोडआजाराला ‘ओव्हरलॅप सिंड्रोम’ नाव दिलं. दोन खंडांच्या मधल्या वेळात निरोगी फुप्फुस ऑक्सिजन भरून काढतं. सीओपीडीचं फुप्फुस भरून काढता काढताच पुढचा खंड येतो. स्पेनमध्ये अशा रुग्णांवर नऊ वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवलं गेलं. 2010 साली आलेल्या निष्कर्षांत सीपॅप न वापरणाऱ्यांचे मृत्यू, नुसती सीओपीडी असलेल्यांच्या तुलनेत, ठळकपणे जास्त होते. मास्कमधून हवेचा दाब देणारं ते यंत्र रोज लावणाऱ्यांत हा फरक जवळजवळ पुसला गेला.

आपल्याकडे याऐवजी काय होतं? ‘झोप लागत नाही’ म्हणून झोपेची गोळी, नाहीतर रात्री एक पेग. दोन्हींनी श्वासाची ओढ आणखी मंदावते आणि घसा आणखी सैल पडतो. कोणी घरी ऑक्सिजन आणून नळ मोठा सोडतं. त्याने बोटावरचा आकडा सुंदर दिसतो, पण अशा रुग्णात कार्बन डायऑक्साइड चढू शकतो. डॉक्टर त्याला 88 ते 92 वरच ठेवायला बघतात, ते कंजुषीपोटी नव्हे.

झोपेची पुरी तपासणी करायची तर एक खाट, एक रात्र, एक रुग्ण. समजा पेणला उद्या दोन खाटांची प्रयोगशाळा निघाली आणि ती दिवाळीलाही बंद राहिली नाही, तर वर्षाला 730 जण होतील. जिल्ह्यातल्या 1 लाख 10 हजारांना दीडशे वर्षं लागतील. साऱ्यांना तिची गरज नाही. दहातल्या एकालाच लागेल म्हटलं तरी पंधरा वर्षं. बोटाचा नोंदणारा ऑक्सिमीटर रेघ का घसरली हे सांगत नाही, पण कोणाची घसरली हे सांगतो, आणि तो लावून माणूस आपल्याच घरात झोपू शकतो. अशी शंभर यंत्रं प्राथमिक आरोग्य केंद्रांमधून रोज एकेका घरी फिरली, तर जिल्ह्यातले हे सगळे 1 लाख 10 हजार तीन वर्षांत होतात.