परदेशातील संसार आणि रिटर्नमधील रकाना



सालेकशासारख्या तालुक्याच्या गावी बँकेच्या खिडकीमागे बसणाऱ्याला केवळ पैशाचे व्यवहारच सांभाळावे लागतात असे नाही. लोक कागद घेऊन येतात आणि "साहेब, यात काय लिहिलं आहे ते सांगा" असे म्हणतात. अशाच एका दुपारी आमच्या परिचयाच्या एक वयस्क बाई सुनेला सोबत घेऊन आल्या. मुलगा अमेरिकेत संगणक अभियंता, सून इकडे खाजगी शाळेत शिक्षिका. मुलाने सहीसाठी काही कागद पाठविले होते. बाई म्हणाल्या, "साहेब, पोरगा म्हणून राहिला का सुनेची सही लवकर पाठवा. पण कागदात कोण्या परदेशी बायकोचं लिहून आहे. त्यानं तिकडं दुसरी तर नाही केली?"

कागद पाहून आम्हांस हसू आले आणि सुनेच्या डोळ्यांतील काळजी पाहून ते लगेच मावळलेही. त्या कागदातील "परदेशी पत्नी" दुसरीतिसरी कोणी नसून समोर उभी असलेली सूनबाईच होती. अमेरिकेच्या करखात्याच्या भाषेत तेथे न राहणारी व तेथील नागरिक नसलेली पत्नी "नॉनरेसिडेंट एलियन" ठरते. ज्या मातीत ती जन्मली त्याच मातीत बसून ती परदेशी झाली होती!

आज आपल्या समाजातील मुले-मुली केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीवर, राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर अथवा नोकरीच्या निमित्ताने दूरदेशी जात आहेत. काही तिकडेच विवाह करतात, तर काहींचा जोडीदार इकडे असतो. दोन्ही परिस्थितीत दरवर्षी एक प्रश्न समोर येतो : कराच्या रिटर्नमध्ये वैवाहिक स्थितीच्या रकान्यात काय लिहावे? या एका खुणेवर हजारो डॉलरचा फरक पडू शकतो. म्हणून प्रस्तुत विषयाची तोंडओळख करून देण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

आपल्याकडील रीत

भारतात आयकर माणसागणिक आहे. पती-पत्नींना एकत्र रिटर्न भरण्याची सोय नाही. १९६१ चा कायदा असो वा १ एप्रिल २०२६ पासूनचा नवा २०२५ चा कायदा असो, हे तत्त्व दोन्हींत एकच आहे. जोडीदार परदेशी नागरिक असला तरी फरक पडत नाही, कारण आपला कायदा मुख्यतः नागरिकत्व न पाहता त्या वर्षी माणूस भारतात किती दिवस राहिला हे पाहतो. १८२ दिवसांचा नियम बहुतेकांच्या कानावर असतो तो हाच.

याला एक अपवाद गोव्याचा. तेथे पोर्तुगीज नागरी संहितेनुसार पती-पत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते. म्हणून पगार सोडून त्यांचे इतर उत्पन्न दोघांत निम्मे निम्मे वाटून कर आकारला जातो. १९९४ च्या वित्त कायद्याने ही तरतूद केली आणि ती १९६३ पासून लागू धरली. म्हणजे विवाहामुळे कराचा हिशेब बदलतो ही गोष्ट आपल्या देशालाही अगदीच अपरिचित नाही.

अमेरिकेतील रकाने

अमेरिकेत ३१ डिसेंबर रोजी माणूस विवाहित आहे की नाही हे पाहिले जाते. लग्न ३० डिसेंबरला झाले असले तरी त्या संपूर्ण वर्षासाठी तो विवाहितच. अनेक तरुण येथेच चुकतात. "बायको तर गोंदियाला आहे, मी येथे एकटाच राहतो" असा विचार करून ते अविवाहिताच्या रकान्यात खूण करतात. हे चूक आहे. विवाहितासमोर साधारणपणे पुढील मार्ग असतात :

१) संयुक्त रिटर्न : दोघांचे उत्पन्न एकत्र दाखवून एकच रिटर्न भरणे.

२) विवाहित, परंतु स्वतंत्र रिटर्न : केवळ आपलेच उत्पन्न दाखविणे.

३) कुटुंबप्रमुख : जोडीदार परदेशस्थ असून त्याला रहिवासी मानण्याचा पर्याय घेतला नसेल, तर ही वाट खुली होऊ शकते. मात्र केवळ पत्नीमुळे माणूस कुटुंबप्रमुख ठरत नाही. घरखर्चाचा निम्म्याहून अधिक भार उचलावा लागतो, आणि पात्र ठरणारे अपत्य किंवा नातेवाईक असावे लागते. येथे राहणारी, भारतीय नागरिक असलेली आई त्यासाठी चालत नाही, मग तिला दरमहा कितीही पैसे पाठविले जात असोत.

पहिला मार्ग परदेशस्थ पत्नीच्या बाबतीत आपोआप मिळत नाही. तो मागून घ्यावा लागतो. वर्षअखेर दोघांपैकी निदान एक जण अमेरिकेचा नागरिक किंवा करदृष्ट्या रहिवासी असला पाहिजे. मग "आम्हां दोघांनाही संपूर्ण वर्षासाठी रहिवासी समजावे" असे निवेदन दोघांच्या सहीने रिटर्नसोबत जोडावे लागते. सूनबाईच्या हातातील कागद तोच होता.

रहिवासी कोण?

ग्रीन कार्ड असलेला तर रहिवासी असतोच. इतरांसाठी दिवसांची मोजणी आहे. चालू वर्षात निदान ३१ दिवस, आणि चालू वर्षाचे सर्व दिवस, मागील वर्षाचे एकतृतीयांश व त्यामागील वर्षाचे एकषष्ठांश मिळून १८३ दिवस भरले पाहिजेत. एच-१बी व्हिसावर वर्षभर राहणारा यात सहज बसतो. विद्यार्थ्याचे तसे नाही. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याचे दिवस साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे मोजलेच जात नाहीत. त्यामुळे तो परदेशस्थ राहतो, १०४०-एनआर हा फॉर्म भरतो आणि विवाहित असल्यास स्वतंत्र रिटर्नच भरतो. दोघेही परदेशस्थ असतील तर संयुक्त रिटर्नची मागणी करता येत नाही. मात्र भारतीय विद्यार्थ्यांसाठी एक सवलत आहे. भारत-अमेरिका करारातील २१ व्या कलमामुळे त्यांना प्रमाणित वजावट मिळते, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी ती सोडू नये.

आकड्यांत पाहू

समजा, मुलाचा २०२५ चा पगार ८०,००० डॉलर आहे व अन्य उत्पन्न नाही. त्या वर्षी स्वतंत्र रिटर्नला प्रमाणित वजावट १५,७५० डॉलर, तर संयुक्त रिटर्नला ३१,५०० डॉलर होती.

स्वतंत्र रिटर्न : करपात्र रक्कम ६४,२५० डॉलर. केंद्रीय कर सुमारे ९,०४९ डॉलर.

संयुक्त रिटर्न, पत्नीला उत्पन्न नाही : करपात्र रक्कम ४८,५०० डॉलर. कर सुमारे ५,३४३ डॉलर.

संयुक्त रिटर्न, पत्नीचे येथील उत्पन्न ६,००० डॉलरइतके : करपात्र रक्कम ५४,५०० डॉलर. कर सुमारे ६,०६३ डॉलर.

म्हणजे सूनबाईचा शाळेचा पगार मिळवूनही जवळजवळ तीन हजार डॉलर वाचतात. वजावट दुप्पट होते आणि कमी दराचे टप्पेही रुंद होतात, हे त्यामागील कारण. शिवाय सूनबाईने भारतात आयकर भरला असल्यास त्याची वजावळ अमेरिकेतील करातून मर्यादेपर्यंत मागता येते. स्वतंत्र रिटर्न भरणाऱ्याला मात्र शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट व शिक्षणखर्चाच्या सवलती मिळत नाहीत. कर्ज काढून शिकलेल्या आपल्या मुलांना याची झळ विशेष बसते.

नाण्याची दुसरी बाजू

इतका फायदा असेल तर विचार कशाला करायचा, असे वाटेल. परंतु संयुक्त रिटर्नचा पर्याय घेतला की पत्नीचेही जगभरातील उत्पन्न अमेरिकेच्या हिशेबात येते, आणि आपल्याकडे जे करमुक्त ते तिकडे करमुक्त असतेच असे नाही. आपल्या भागातील घरांसाठी हे फार महत्त्वाचे आहे.

धानाचे उत्पन्न येथे आयकरातून मुक्त आहे, तिकडे नाही. पीपीएफवरील व्याज येथे करमुक्त, पण तिकडे ते मोजले जाते. खेड्यातील शेतजमीन विकल्यास तिच्यावर येथे भांडवली नफ्याचा कर लागत नाही. मात्र पत्नीच्या नावावरील जमीन त्याच वर्षी विकली गेली, तर तो नफा संयुक्त रिटर्नमध्ये दाखवावा लागतो. म्युच्युअल फंड असल्यास त्याचा वेगळा व किचकट फॉर्म आहे. म्हणून ज्या वर्षी जमिनीचा व्यवहार ठरला असेल, त्या वर्षी दोन्ही हिशेब मांडून पाहिल्याशिवाय सही करू नये.

हा पर्याय एका वर्षापुरता नसतो, हेही ध्यानात असू द्यावे. एकदा घेतला की पुढील वर्षांनाही तो लागू राहतो. तो रद्द केला अथवा संपुष्टात आला, तर त्याच दाम्पत्याला पुन्हा घेता येत नाही.

चूक झाली असेल तर सुधारणेला वाव आहे. स्वतंत्र भरलेले रिटर्न साधारणपणे तीन वर्षांच्या आत सुधारून संयुक्त करता येते. उलट संयुक्त भरलेले रिटर्न मुदत टळल्यावर स्वतंत्र करता येत नाही. घाईत भरायचेच झाले, तर कोणती वाट परतीची आहे हे यावरून समजावे.

क्रमांक व कागदपत्रे

संयुक्त रिटर्नसाठी पत्नीला करक्रमांक लागतो. तिला सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळू शकत नसेल तर आयटीआयएन घ्यावा. त्यासाठी डब्ल्यू-७ हा फॉर्म साधारणपणे रिटर्नसोबतच पाठवितात. मूळ पासपोर्ट किंवा तो देणाऱ्या कार्यालयाने प्रमाणित केलेली प्रत लागते. आपल्याकडे नोटरीच्या शिक्क्यावर बरीच कामे निघतात, पण येथे नोटरीची प्रत चालत नाही. पासपोर्ट टपालात घालायचा नसेल, तर अमेरिकन करखात्याने मान्यता दिलेल्या एजंटाकडून तो तपासून घेण्याची सोय आहे. सलग तीन वर्षे हा क्रमांक रिटर्नमध्ये वापरला गेला नाही, तर तो बाद होतो.

विवाहाची नोंदणीही वेळीच करून घ्यावी. बौद्ध पद्धतीने झालेल्या विवाहालाही १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू होतो, आणि ग्रामपंचायतीत वा नगरपंचायतीत नोंद करता येते. पत्नीच्या व्हिसासाठी हे प्रमाणपत्र लागतेच.

बँकेची खाती

आमच्या खिडकीशी संबंधित दोन गोष्टी. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाचे साधे बचत खाते तसेच चालू ठेवू नये, ते एनआरओ करून घ्यावे. दुसरे असे की, अमेरिकेत रहिवासी ठरलेल्या माणसाच्या भारतातील व इतर परदेशी खात्यांची एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्याला तिकडे वेगळी माहिती द्यावी लागते. त्यात आईसोबतचे संयुक्त खातेही आले. २०१५ च्या भारत-अमेरिका करारानुसार अशी माहिती इकडूनही जाते. आम्ही खात्याच्या वेळी जो फाटका हा फॉर्म भरून घेतो, तो यासाठीच. लपवून काही साधत नाही.

मुलाने पत्नीला पाठविलेले पैसे भारतात तिचे करपात्र उत्पन्न होत नाहीत. परंतु त्या पैशांची तिच्या नावे मुदत ठेव केली, तर तिचे व्याज येथे पतीच्या उत्पन्नात धरले जाते.

इतर देश

प्रत्येक देशाची रीत निराळी. इंग्लंडमध्ये १९९० पासून पती-पत्नींचा कर स्वतंत्र आहे. कॅनडातही प्रत्येकाचे रिटर्न वेगळे असते. जर्मनीत पती-पत्नींचे उत्पन्न एकत्र करून निम्मे करण्याची मोठी सवलत आहे, पण पत्नी भारतातच राहत असेल तर साधारणपणे ती मिळत नाही. ती तिकडे राहावयास गेली की मिळू शकते. म्हणून अमेरिकेतील मित्राचे ऐकून जर्मनीत रिटर्न भरू नये.

सही कोणाची?

शेवटचा मुद्दा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. संयुक्त रिटर्नवर सही करणारी पत्नी त्या रिटर्नच्या संपूर्ण कराला पतीइतकीच जबाबदार होते. उद्या पतीने एखादे उत्पन्न लपविल्याचे उघड झाले, अथवा दोघे विभक्त झाले, तरी त्या वर्षाची बाकी करखाते तिच्याकडे मागू शकते. फसवणूक झालेल्या निरपराध जोडीदाराला सूट मागता येते, पण तिला काही ठाऊक नव्हते हे पटवून द्यावे लागते. तेव्हा सही हा सुनेच्या आज्ञाधारकपणाचा प्रश्न नसून तिच्या हक्काचा प्रश्न आहे.

त्या दुपारी आम्ही सूनबाईंना हेच सांगितले. त्यांनी कागद पिशवीत ठेवला आणि रात्री पतीला फोन करून रिटर्नची पूर्ण प्रत मागविली. दोघांनी मिळून दोन्ही हिशेब मांडले, आपला पगार, दीड एकर धान आणि पीपीएफ त्यात लिहिले, आणि मगच सही झाली. सासूबाई पुढे पेन्शनसाठी आल्या तेव्हा म्हणाल्या, "साहेब, आता आमची सूनच त्याला हिशेब सांगते."

आम्ही काही करसल्लागार नव्हे. कलाशाखेचा एक पदवीधर आणि बँकेतील एक कारकून, एवढीच आमची पात्रता. प्रत्यक्ष रिटर्न भरताना त्या देशातील जाणकाराचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण वजावटीचे आकडे दरवर्षी बदलतात. परंतु जाणकाराकडे जाताना काय विचारायचे हे तरी आपणांस ठाऊक असावे. विद्यार्थी बंधु-भगिनींनी परदेशी जाण्यापूर्वी हे चार कागद समजून घ्यावेत, घरी राहणाऱ्या जोडीदाराला समजावून द्यावेत, आणि न वाचता सही करू नये व करवूनही घेऊ नये, एवढीच विनंती करून आम्ही लेखणी थांबवितो.